नेटमागे बसणारे चारूकाका

चारूकाकांनी टोपी काढली की शार्दूलचा त्या दिवसाचा खेळ खलास. हा नियम बेसबॉलच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. तो आमच्या डायनिंग टेबलवर ठरला. साबुदाण्याची खिचडी गार होत होती, आई रडत होती आणि शार्दूल भिंतीकडे बघत बसला होता.

शार्दूल माझा भाऊ. वय सोळा, उंची सहा फूट आणि वागणं चार वर्षांच्या मुलासारखं. तो 'ड्यून डॉग्ज' टीमचा पिचर आहे, म्हणजे बॉल टाकणारा. बाबा अजून 'आपला बोलर' म्हणतात आणि तो दर वेळी 'डॅड, प्लीज' म्हणतो. गेल्या वर्षी त्याचं कोपर गेलं. टाकायचं किती याला काही धरबंदच नव्हता. तीन महिने हात गळ्यात. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा हेच झालं तर बेसबॉल विसरायचा. आई म्हणाली, "पुन्हाची वाट कशाला बघायची? विसरलाच समज."

तेव्हा चारूकाका आमच्याकडे कुकरची रिंग परत द्यायला आले होते. ते आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. रिंग हातात धरूनच ते दारात म्हणाले, "वहिनी, त्याला खेळू द्या की. मी बसतो नेटमागे. हात बिघडायच्या आधी बॉलचा आवाज बिघडतो. मला कळेल. मी टोपी काढली की ह्यानं बाहेर यायचं. का म्हणून विचारायचं नाही."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर आईनं त्याला रिंगसकट बाहेर काढलं असतं. पण आईचा काकांवर डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास. त्याला कारण आमचा फ्रिज. एकदा पाणी प्यायला आलेले काका फ्रिजजवळ नुसते थबकले आणि म्हणाले, "दोन महिन्यांचा सोबती आहे हा." फ्रिज अठ्ठावन्नाव्या दिवशी गेला. आईनं कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती.

चारुदत्त मिरजकर हे त्यांचं पूर्ण नाव, गाव इचलकरंजी. त्यांचे वडील मागावर जॉबर होते, म्हणजे कापडाचे माग दुरुस्त करणारे. काका वडिलांचा डबा घेऊन जायचे. चोवीस माग एकदम खडाखडा चालू असताना, नऊ वर्षांचे काका दारातूनच सांगायचे, "आबा, खिडकीकडचा तिसरा लंगडतोय." आणि तो लंगडत असायचा. शाळेत बाकी सगळ्यात नापास, कानात पहिला नंबर.

गेली सव्वीस वर्षं ते दुबईत आहेत. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका टिश्यू पेपरच्या फॅक्टरीत मेंटेनन्स सुपरवायझर. तुम्ही हॉटेलात नाक पुसता तो कागद काकांच्या कानाखालून गेलेला असू शकतो. मशीन तपासायची त्यांची पद्धत मी एकदा बघितली. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालत्या मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर. डोळे मिटायचे. देवळात घंटा वाजवून उभं राहतात तसं थोडा वेळ उभं राहायचं. मग म्हणायचं, "शुक्रवारपर्यंत चालेल. गुरुवारी बदला."

त्यांच्या मॅनेजरला हे आवडत नाही. मॅनेजर म्हणतो (इथे मी नाकातून बोलते, कारण तो नाकातून बोलतो), "मिस्टर चारू, द मॅन्युअल सेज टेन थाउजंड अवर्स!" आणि काका म्हणतात, "सर, मॅन्युअल हमने पढा है, बेअरिंगने नहीं पढा."

बेसबॉलमधलं काकांना पहिल्या दिवशी काही म्हणजे काही कळलं नव्हतं. आईबाबांना शनिवारी काम असतं, म्हणून काका आम्हाला त्यांच्या जुन्या निसानमधून मैदानावर सोडायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला तीनच प्रश्न विचारले. हा माणूस मधल्या ढिगाऱ्यावर का उभा आहे, तो मागे बसलेला चिलखत घालून का बसलाय, आणि तो बॉल हरवला तर केवढ्याला पडतो. मी सांगितलं, पंचवीस दिरहम. काका उभेच राहिले. "सहाशे रुपये? एका चेंडूला? आणि लोक तो काठीनं मारतात?"

मग ते जाळीमागे खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. चौथ्या इनिंगमध्ये डोळे न उघडता म्हणाले, "पोराचा बॉल बदलला बघ." मी म्हटलं, कुठे काय? पुढच्या दोन बॉलवर दोन जणांनी शार्दूलला असं बदडलं की एक बॉल पार्किंगमध्ये गेला. सहाशे रुपये.

त्या दिवसापासून काका फॅन. टीमचे म्हणावेत तर तसे नाहीत. ते टीमला 'आपली कुत्री' म्हणतात आणि जिंकलं काय, हरलं काय, सारख्याच चेहऱ्यानं गाडी चालवतात. ते फॅन आहेत पिचर बदलण्याचे. बाकीचे लोक होम रनला उठून नाचतात, काका ढिगाऱ्यावरचा माणूस वेळेवर बदलला की हळूच मांडीवर थाप मारतात. "आत्ता! आत्ता शिकला कोच!"

ताजा हात असला की बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये 'ठाप्!' असा वाजतो. कोरड्या लाकडावर लाकूड आपटावं तसा. हात दमला की 'भप्प'. वेग बघणाऱ्यालाही फरक कळत नाही, पण वाजतो भप्प. कणकेचा गोळा परातीत टाकल्यासारखा. मला हे दोन्ही आवाज तोंडानं हुबेहूब काढता येतात. मी काकांच्या शेजारी बसून प्रत्येक बॉलमागे ते काढायचे. काका आधी वैतागायचे. "गप गं सानू, माकड कुठलं. ऐकू दे की." मग सवय झाली. मग स्वतःच म्हणायला लागले, "आत्ताचा कर बघू पुन्हा." मी करायचे. ते मान डोलवायचे. आमचा दोघांचा खेळच झाला तो. तिकडे मैदानावर एक मॅच आणि जाळीमागे आमचं चालूच, ठाप्, ठाप्, ठाप्, भप्प.

कोच रोमेलला हा सगळा प्रकार मान्य नव्हता. कोच फिलिपिन्सचा, कार्गोच्या ऑफिसात नोकरी, छातीवर शिट्टी आणि हातात कायम ते मोजायचं खटकं. बॉल टाकला की टिक्. त्याचं म्हणणं, लीगचा नियम पंच्याण्णव बॉलचा आहे, पंच्याण्णवपर्यंत पोराला हात लावायचा नाही.

"अंकल, हबीबी, काउंट इज ओन्ली सिक्स्टी-वन!"

"कोच, काउंट ठीक है. बॉल ठीक नहीं है."

"बट ही इज नॉट टायर्ड!"

"वो नहीं थका. कोपर थका."

"व्हॉट इज कोपर?"

मग काका स्वतःचं कोपर वाकवून दाखवायचे आणि कोच आकाशाकडे बघायचा. पण आईची अट ही अट होती. टोपी निघाली, उन्हात काकांचं टक्कल चमकलं, की शार्दूल ढिगाऱ्यावरूनच बघायचा, ग्लोव्ह वर करायचा आणि चालायला लागायचा. आख्ख्या सीझनमध्ये नऊ वेळा टोपी निघाली. कोपराला एकदाही काही झालं नाही. आई आता मॅचच्या दिवशी काकांसाठी वेगळा डबा द्यायची.

मग फायनल आली. तीन मॅचची सिरीज, दोन जिंकेल त्याचा कप. समोर अबुधाबीचे 'पर्ल डायव्हर्स'. काकांच्या भाषेत पाणबुडे.

पहिली मॅच शनिवारी सकाळी. शार्दूलनं काय टाकला! पाचव्या इनिंगला चार-एक असे पुढे होतो, आणि मी एक भप्प काढला. काकांनी लगेच विचारलं, "खरंच?" मी म्हटलं, पुन्हा येऊ दे. पुन्हा आला, मी पुन्हा काढला. टोपी निघाली. कोचनं खटकं दाखवलं, अडुसष्ट. काका टोपी हातात धरून नुसते उभे. शार्दूल बाहेर आला, रेयांश आत गेला. रेयांश आमचा दुसरा पिचर. तो बॉलपेक्षा केसांची जास्त काळजी घेतो. त्यानं दोन रन दिले, पण चार-तीननं निभावलं.

"बघ," काका गाडीत म्हणाले, "कोच बोलला, अजून सत्तावीस बाकी होते. बाकी म्हणजे काय? बँकेत ठेवलेत का? दमल्या हातातले सत्तावीस समोरच्याच्या उपयोगाचे."

दुसरी मॅच रविवारी. शार्दूलला नियमानं विश्रांती. कोचनं रेयांशलाच पहिल्यापासून उतरवला. आदल्या दिवशी दोन इनिंग टाकलेला रेयांश. काकांनी कपाळावर हात मारला. "अरे, काल ओव्हरटाइम केलेली मशीन आज पहिल्या शिफ्टला लावतात का? विहानला उतरव की!"

विहान म्हणजे टीममधला सगळ्यात छोटा, तेरा वर्षांचा, डावखुरा. त्याचा बॉल इतका हळू येतो की वाटेत चहा पिऊन येतो. पण काकांचं मत असं, की पाणबुड्यांनी काल फास्ट बॉलच बघितलेत, हा हळू बॉल आला की त्यांचं गणित चुकेल. काकांनी हे कोचला जाळीतून, हिंदीतून आणि हातवाऱ्यांतून सांगितलं. कोच म्हणाला, "अंकल, यल्ला, सीट, सीट." नऊ-दोननं हरलो.

तो आठवडा मी विसरणार नाही. काका रोज संध्याकाळी वर यायचे. मोहरी, वेलदोडे, शेंगदाणे असं काय काय टेबलवर मांडून आईच्या स्वयंपाकघराची वाट लावायचे. शार्दूल म्हणजे शेंगदाणा, विहान म्हणजे मोहरी. "पहिल्या दोन इनिंग मोहरी. मग शेंगदाणा. म्हणजे शेवटपर्यंत शेंगदाणा ताजा." शार्दूल म्हणायचा, "अंकल, आय स्टार्ट. आय ऑल्वेज स्टार्ट." आणि शेंगदाणा खाऊन टाकायचा.

प्रमिलाकाकू काकांना बोलवायला खालून यायच्या. दारातून, "अहो, जेवायला चला." काका मोहरी हलवत. "अहो, जेवायला!" मोहरी. "अहोऽऽ!" मग काका दचकून, "अगं, ओरडतेस कशाला? शेजारी काय म्हणतील?" काकू आईकडे बघून म्हणायच्या, "फॅक्टरीत ह्यांना मुंगी शिंकलेली ऐकू येते. घरात मी ऐकू येत नाही." आम्ही हसायचो. काकाही हसायचे. सगळ्यांच्या घरी नवरे असेच असतात असं आम्हाला वाटायचं.

तिसरी मॅच पुढच्या शनिवारी. आकाश स्वच्छ, हवा गार, बाबासुद्धा अर्धी सुट्टी काढून यायचं म्हणत होते, पण त्यांना रास अल खोरच्या गोडाऊनमध्ये कंटेनर आला म्हणून जावं लागलं. मैदानावर पोचलो तर कोच माझ्याच दिशेनं धावत आला. स्कोअर लिहिणाऱ्या बाई आजारी होत्या.

"सान्वी, यू राइट नाइस. यू सिट विथ मी. प्लीज, प्लीज, प्लीज." कोच तीनदा प्लीज म्हणाला की तो चौथ्यांदा रडतो. मी काकांकडे बघितलं. "जा की," काका म्हणाले, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

म्हणून त्या दिवशी मी टीमबरोबर बाकावर बसले, हातात पेन, मांडीवर मोठी वही. काका पलीकडे जाळीमागे एकटे. डोळे मिटलेले, टोपी डोक्यावर, हात गुडघ्यांवर.

कोचनं शार्दूललाच पहिल्यापासून उतरवला. मोहरीचा प्लॅन डब्यात गेला. पण शार्दूल असा काही टाकत होता की काकांनीही तक्रार केली नसती. ठाप्. ठाप्. ठाप्. माझं तोंड शिवशिवत होतं, पण कोच शेजारी बसून टिक् टिक् करत होता, आणि वहीत तीन रकाने एकदम भरावे लागतात. पाच इनिंग झाल्या, तीन-एक असे आम्ही पुढे. सात इनिंगची मॅच. दोन राहिल्या.

सहावीचा पहिला पाणबुडा बाद झाला. दुसऱ्याला शार्दूलनं बॉल टाकला आणि मला ऐकू आलं, भप्प.

मी वहीतून मान वर केली. एखादा होतो असा. पुढचा, भप्प. बॉल बॅटच्या बाहेरून गेला, अंपायर ओरडला, "बॉल टू!" सगळ्यांना वाटलं, दिशा चुकली. मी काकांकडे बघितलं. काका अगदी समाधानानं बसले होते. टोपी डोक्यावर. मान हलकेच डुलत होती, कीर्तनात बसल्यासारखी.

तिसरा, भप्प. चौथा, भप्प. चार बॉल बाहेर गेले, म्हणून तो बॅटर फुकटात पहिल्या बेसवर गेला. टोपी डोक्यावर.

"कोच," मी म्हटलं, "काउंट किती?"

"सेव्हंटी-फोर. व्हेरी गुड. नो प्रॉब्लेम."

मी वही कोचच्या मांडीवर टाकली आणि पळत जाळीमागे गेले.

"काका, टोपी!"

त्यांनी डोळे उघडले. "काय गं? स्कोअर कोण लिहितंय?"

"काका, टोपी काढा ना. चार बॉल झाले, भप्प येतायत."

"छे. छान वाजतोय की."

"नाही वाजत काका!"

शार्दूलनं नवीन बॅटरला बॉल टाकला. काकांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. त्यांनी हात कानामागे धरला, पुढे वाकले, जाळीला नाक लागेपर्यंत. बॉल ग्लोव्हमध्ये गेलेला मी बघितला, त्यांनीही बघितला. मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांचा चेहरा कुणी आपल्या घराचा पत्ता विचारावा आणि तो आठवू नये तसा झाला होता.

"हा वाजला?" त्यांनी विचारलं. "हा कसा वाजला? कर बघू."

मी केला. भप्प.

काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "आणि पहिल्या इनिंगचा?"

ठाप्.

"तुझे दोन्ही ऐकू येतात," ते म्हणाले. अगदी हळू, स्वतःशीच. "त्याचा एकही नाही. नुसता ढब ढब. सकाळपासून सगळे सारखेच." मग थोडं थांबून, "म्हणजे आख्खा सीझन मी तुझंच ऐकत होतो की काय गं?"

मी नकलाकार आहे, मला दुसऱ्यांची वाक्यं येतात. त्या जागी कुठलंच वाक्य नव्हतं.

"सानू, नक्की ना? दोन इनिंग राहिल्यात. कप आहे. मी काढली आणि तुझं चुकलं, तर तो मला जन्मात माफ करायचा नाही."

"काका, मी नकला करते. खोटं नाही करत."

त्यांनी टोपी काढली. नेहमी ते ती अर्धवट उचलायचे, या वेळी हात पूर्ण वर नेला, उभे राहिले, आणि हलवली.

शार्दूलनं ते बघितलं आणि बघितलंच नाही असं केलं. तो जमिनीकडे बघत बूट घासत राहिला. कोच बाहेर आला. "अंकल! वन इनिंग! जस्ट वन मोअर!"

"नो वन मोअर!"

"व्हाय?"

काकांनी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग पुन्हा ओरडले, इतक्या मोठ्यानं की पाणबुड्यांच्या आयासुद्धा वळल्या. "शार्दूल! बाहेर!"

शार्दूल बाहेर आला. ग्लोव्ह बाकावर आपटला. त्याच्या जागी विहान गेला, वाटेत चहा पिणारा बॉल घेऊन. आणि काका बरोबर होते. पाणबुड्यांनी असल्या बॅटी फिरवल्या की वाऱ्यानं स्कोअरच्या वहीची पानं उडाली. विहाननं सहावी इनिंग एकही रन न देता संपवली. सातवीत दोन जण बाद केले. एक राहिला. त्यानं बॉल हळूच जमिनीवरून मारला, सरळ आमच्या मुलाकडे, त्यानं उचलला, पहिल्या बेसवर फेकला, आणि पहिल्या बेसवरच्या रेयांशनं तो सोडला. केसातून हात फिरवत सोडला असं मी म्हणणार नाही, पण सोडला. त्यानंतर पाठोपाठ तीन फटके. तीन रन. आमच्या शेवटच्या इनिंगमध्ये काही झालं नाही. चार-तीन. कप अबुधाबीला.

विहान रडत होता. काकांनी जाळीच्या फटीतून हात घालून त्याच्या डोक्यावर ठेवला. "तू बरोबर टाकलास बाळा. पकडला नाही त्याला पिचर काय करणार?"

गाडीत शार्दूल मागे बसला आणि हेडफोन घातले. काका सिग्नलला थांबले तेव्हा मागच्या गाडीनं दोनदा हॉर्न दिला आणि ते हलले नाहीत. मी म्हटलं, "काका, हिरवा झाला." ते म्हणाले, "दिसला गं."

घरी आई, बाबा आणि काकू वाट बघत होते. आईनं पोळ्या केल्या होत्या, काकूंनी श्रीखंड. बाबांनी कोपराची चौकशी केली, हरल्याची नाही. शार्दूल बूटसुद्धा न काढता खोलीत गेला आणि दार लावलं.

काका बसले नाहीत. हॉलच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "संजय, वहिनी, एक सांगायचंय. मी नापास झालो."

"म्हणजे?" बाबा.

"मला ऐकू आलं नाही. चार बॉल गेले, मला कळलं नाही. सानू पळत आली म्हणून टोपी काढली. नीट आठवून बघितलं, तर आधीसुद्धा मी तिचंच ऐकून काढत होतो. मला वाटायचं, मीच ऐकतोय." त्यांनी टोपी टेबलवर ठेवली. "मागांनी दिलेला कान मागांनीच परत नेला. स्क्रूड्रायव्हर हाताला सांगतो म्हणून फॅक्टरीत कळलं नाही. सोमवारी मॅनेजरलाही सांगणार. पण तुमचं पोर माझ्या भरवशावर होतं, म्हणून तुम्हाला आधी."

काकूंनी खुर्ची ओढली आणि काकांना खांद्याला धरून तीत बसवलं. मग म्हणाल्या, "तीन वर्षं मी ओरडतेय आणि मला वाटायचं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय."

"काय?" काका म्हणाले.

"काही नाही," काकू म्हणाल्या आणि हसल्या आणि डोळे पुसले.

आई मात्र दाराकडे बघत होती. "भावजी, तुमचा दोष नाही. पण मग संपलंच हे. टोपी नाही तर बेसबॉल नाही. तेच ठरलं होतं."

दार उघडलं. शार्दूल ऐकत होता. डोळे लाल, एक बूट पायात.

"इट वॉज हर्टिंग," तो म्हणाला.

"काय?" आई.

"कोपर. पाचव्या इनिंगपासून. थोडं. मग सहावीत जास्त."

काका उठले. मी त्यांना कधी चिडलेलं बघितलं नव्हतं, पाणबुड्यांनी नऊ रन केले तेव्हासुद्धा नाही. "मग बोलला का नाहीस? का नाही बोललास?"

"बिकॉज तुमची टोपी डोक्यावर होती!" शार्दूल ओरडला. मग आवाज खाली आला. "मला दुखत होतं. मी तुमच्याकडे बघितलं. टोपी होती. मग मला वाटलं, काका म्हणतायत ठीक आहे, म्हणजे ठीकच असेल. मला उगाच वाटत असेल."

काकांच्या ओठांवर आधी शिवी आली होती, ती मी बघितली, इचलकरंजीची. ती त्यांनी गिळली.

"अरे गाढवा," ते म्हणाले, "मशीनला तोंड नसतं, म्हणून आम्ही तिला कान लावून बसतो. तुला देवानं तोंड दिलंय. दुखतंय तुला आणि विचारतोस माझ्या टोपीला?"

शार्दूलनं उभ्या उभ्या नाकानं आवाज केला. त्याची नक्कल मी कधीच करणार नाही.

आई फ्रीजरकडे गेली, बर्फाचा ट्रे काढला आणि ओट्यावर आपटला. "उद्या डॉक्टर," ती म्हणाली, पाठ फिरवूनच. "आणि तिथे तू बोलायचं. मी नाही, बाबा नाहीत, भावजी नाहीत. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, सगळं तू. मग बघू पुढच्या सीझनचं."

"ओके," शार्दूल म्हणाला.

काकांनी त्याला सोफ्यावर बसवलं, नॅपकिनमध्ये बर्फ गुंडाळला आणि स्वतः समोर जमिनीवर बसले, मांडी घालून. शार्दूलचा लांबच लांब हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि अंगठ्यानं दाबत दाबत गेले. त्यांनी डोळे मिटले, सवयीनं. मग लगेच उघडले आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"इथे?"

"नाही. खाली."

"काय?"

"अजून खाली, काका!" शार्दूल मोठ्यानं म्हणाला. "अजून थोडं. हां. तिथेच."